सिलिकाची पुडी आणि रंगाचा वास

नव्या बुटांच्या खोक्यात सापडणारी लहानशी पुडी नुकत्याच रंगवलेल्या कपाटात ठेवली, तर वास जाईल का? कल्पना मुळीच खुळी नाही. पण निदान गोव्याच्या पावसाळ्यात तरी ती फसते.

पुडीतले खडे सिलिका जेलचे असतात. वाळू आणि जेल यांचे घटक एकच, सिलिकॉन व ऑक्सिजन, फरक बांधणीचा. वाळूचा कण भरीव, तर जेलचा खडा सूक्ष्म छिद्रांनी पोखरलेला. एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडता आल्या, तर सुमारे 700 चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनची आठ मैदाने झाकली जातील. या भिंतींना वायूचे रेणू चिकटतात. त्यालाच अधिशोषण म्हणतात.

रंग, थिनर, वॉर्निश यांतून टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन यांच्या वाफा उडतात, पेट्रोलमधून बेंझिनही. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. भारताच्या 2009 च्या मानकांनुसार मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण घनमीटरमागे वार्षिक सरासरी 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये.

अशा वाफा पकडण्यासाठी कारखान्यांत बहुधा सक्रिय कोळसा वापरतात. तो स्वस्त आणि गुणी आहे, पण जळणारा. काही कीटोन द्रावके त्यावर साचताना इतकी उष्णता निर्माण होते की कोळशाचा थर पेटू शकतो. सिलिका जळत नाही. 1992 मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-41 ही सिलिका जाहीर केली. मेणाच्या साच्याभोवती माती लिंपून मेण वितळवून काढावे, तशी साबणासारख्या रेणूंच्या जुड्यांभोवती सिलिका जमवून मागाहून त्या जुड्या जाळून टाकतात. मागे उरतात 2 ते 10 नॅनोमीटर रुंदीच्या, एकसारख्या नळ्या.

अडचण पाण्याची आहे. सिलिकाच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट पाण्याला खेचून घेतात. 28 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते. टोल्युइनच्या वासाने डोके जड व्हावे अशा खोलीतही त्याचे प्रमाण घनमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आतच असू शकते. साहजिकच पाणी आधी जागा अडवते.

यावर उपाय म्हणजे हायड्रॉक्सिल गटांच्या जागी मिथाइल गट बसवून भिंती जलविरोधी करणे. मात्र त्यात छिद्रांची थोडी जागा खर्ची पडते, आणि वाफ अगदी विरळ असेल तर रुंद नळ्यांची पकड सैल पडते. तिथे झिओलाइटसारखी अरुंद छिद्रे सरस ठरतात. भरलेली सिलिका तापवली की द्रावक सुटते, थंड करून परत मिळवता येते आणि सिलिका पुन्हा वापरता येते.

ओलावा शोषून रंग बदलणारे जेल बाजारात मिळते. तो रंग पाण्याची वर्दी देतो, बेंझिनची नव्हे. धुळीचा साधा मास्क लावून फवारारंग मारणाऱ्या कामगाराला या वाफांपासून कसलेच संरक्षण मिळत नाही. त्याला वाफ शोषणारे काडतूस असलेलाच मास्क हवा, आणि ते काडतूस वेळेवर बदललेही पाहिजे. कारण भरून गेल्यावर ते वाफ अडवत नाही.