गाडी ओढत नाही, म्हणजे इंजिन गेलं असं नाही

कळस आणि भोवतालच्या इंदापूर-बारामती पट्ट्यात जुना पिकअप हे शेतीचंच एक अवजार आहे. डाळिंबाचे क्रेट, खताच्या गोण्या, जनावरांचा चारा, सगळं त्यातूनच जातं-येतं. भरलेली गाडी पाटसकडून परतताना रोटी घाटात एकदम दबते, तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर येते आणि गावात पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो: रिंगा गेल्या, इंजिनचं काम काढा.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. रिंगा आणि लायनर झिजायला काळ लागतो. अशा गाडीची ताकद महिनोन्‌महिने हळूहळू उतरते, ऑइल कमी होऊ लागतं, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास होतो. परवापर्यंत नीट ओढणारी गाडी आज ओढत नसेल, तर दोष इंजिनच्या पोटात असण्यापेक्षा हवा किंवा डिझेलच्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त.

त्यात पहिला संशय हवेवर घ्यावा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण 12 किलो हवा लागते, म्हणजे जवळपास 10,000 लिटर. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून जास्तच हवा ओढतं. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर उडणारी धूळ पाहिली, तर तो फिल्टर काय सोसतो ते कळतं.

मग ‘हवा मारली की फिल्टर नव्यासारखा’ हा समज. कॉम्प्रेसरची नळी बाहेरून धरली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. जवळून जोरात मारली तर घड्या फाटतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. फिल्टर काढून टाकला की गाडी मोकळी होते, म्हणून तसंच चालवणारेही आहेत. हे सर्वांत घातक. धुळीतली वाळू लायनरच्या बिडापेक्षा कठीण असते, त्यामुळे ज्या रिंगांवर उगाच आळ येत होता त्या अशाने खरोखरच झिजतात. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच नवा फिल्टर लागतो.

उन्हाळ्यात गाडी दुपारी थोडी मंद वाटते, हा मात्र भ्रम नाही. 15 अंशांच्या तुलनेत 40 अंशांची हवा सुमारे 8 टक्के विरळ असते. पण तेवढ्याने घाटात दोन गिअर उतरावे लागत नाहीत.

काळा धूर दिसला की काही जण थेट ‘पंप गेला’ म्हणतात, तर काही जण त्यालाच ताकद समजून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतात. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन: डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय. टर्बोच्या गाडीत काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि ताकद कमी, असं एकत्र आलं तर टर्बो बदलण्याआधी त्याचे रबरी पाइप आणि क्लिपा तपासाव्यात. चिरलेल्या पाइपातून दाबाची हवा बाहेर निघून जाते. निळसर धूर ऑइल जळण्याचा. इंजिन गरम झाल्यावरही तो निघत राहिला, तर रिंगांची किंवा टर्बोच्या सीलची शंका रास्त ठरते.

धूर अजिबात नाही, आणि तरीही गाडी जोर धरत नाही? मग डिझेल पुरेसं पोचत नसावं. फिल्टर तुंबलेला असेल, टाकीपासूनची नळी कुठेतरी हवा घेत असेल, किंवा कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलसोबत पाणी आलं असेल. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं, की पाणी तळाशी वेगळं दिसतं. साखर कारखान्यांच्या या भागात ‘इथेनॉलमुळे असं होतं’ असंही ऐकू येतं. 20 टक्के इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. पंपावरच्या डिझेलमध्ये ते नसतं.

कॉमनरेल गाड्यांचा प्रकार निराळा. सेन्सरला गडबड जाणवली की त्यांचा कंप्युटर स्वतःच डिझेल रोखतो आणि इंजिनचा दिवा लावतो. बॅटरीची टर्मिनल काढून जोडली की काही गाड्यांत दिवा विझतो, दोष तसाच राहतो. स्कॅनर लावून कोड वाचणं हाच सरळ मार्ग.

कधी कधी इंजिनचा काहीच दोष नसतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. काही किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी चालवावी आणि थांबून चारही चाकांजवळ हात न्यावा (ड्रमला न टेकवता). एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तर इंजिनकडे वळावं, तेही मोजून. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण जपून उघडल्यावर जोराने धुराचे झोत आले, तर सिलिंडरचा दाब खाली गळतोय. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्यावेत. कॉमनरेल गाडीत नोझलच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून कोणत्या नोझलचं डिझेल जास्त परत येतं ते बघावं. एकाच नोझलची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली, तर तेवढं एक नोझल काढून तपासायला द्यायचं. इंजिनचं हेड उघडायची गरज तेव्हा नसते.