वायटमच्या रानाची आठ दशकं

ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येला पाचेक किलोमीटरवर, थेम्स नदीच्या मोठ्या वळणात एक टेकडी आहे आणि तिच्यावर हजारेक एकरांचं पानझडी रान. नाव वायटम वुड्स. वर ओक, ॲश, बीच, सिकॅमोर. खाली हेझल आणि हॉथॉर्नची झुडपं. मे महिन्याच्या सुरुवातीला पालवी पुरती उलगडायच्या आत, जमिनीवर ऊन पोचतंय तोवर, ब्लूबेल आपलं फुलणं उरकून घेतात. माणसं तुरळक भेटतात, भेटली तरी हळू आवाजात ‘मॉर्निंग’ म्हणून पुढे जातात. इंग्लंडमध्ये याहून देखणी रानं पुष्कळ आहेत. पण इथे नवख्या माणसाचं लक्ष झाडांइतकंच झाडांवर टांगलेल्या, अक्षरं आणि आकडे रंगवलेल्या पेट्यांकडे जातं. हजाराच्या वर पेट्या आहेत आणि गेल्या आठ दशकांची खरी गोष्ट त्यांच्यातच आहे.

ही जमीन एके काळी ॲबिंग्डनच्या मठाची होती, पुढे सरदार घराण्याकडे गेली, आणि १९२० साली रेमंड फेनेल या श्रीमंत गृहस्थांनी ती विकत घेतली. पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतला. त्यांची एकुलती एक मुलगी हेझल तरुणपणीच वारली. तिच्या आठवणीसाठी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, त्यांनी हे रान ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं. अट अशी की रानाचं निसर्गसौंदर्य राखायचं. दात्याच्या मनात सौंदर्य होतं, घेणाऱ्यांच्या हातात ते पडलं प्रयोगशाळा म्हणून. दोन्ही बाजू इतकी वर्षं सांभाळल्या गेल्या, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

‘माणसाचा हात न लागलेलं रान’ असं मात्र याला म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये तसं रान शोधूनही सापडायचं नाही. इथे शतकानुशतकं हेझलची झुडपं बुंध्यापाशी तोडायचे, खुंटाला धुमारे फुटू द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. सरपण, कोळसा, कुंपणाच्या काठ्या, सगळं त्यातून निघे. खाणीतला दगडी कोळसा आणि तारेचं कुंपण स्वस्त झालं तशी ही तोड थांबली, रान दाटलं आणि आतली सावली वाढली. विद्यापीठाच्या हाती आलं ते हे दाटत चाललेलं रान.

चार्ल्स एल्टन हे प्राणिसंख्येच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांनी ठरवलं की एका प्राण्यामागे न लागता रानाचा कोपरान् कोपरा नोंदवायचा : कुजक्या ओंडक्यात कोण राहतं, सालीखाली कोण, डबक्यात कोण. वीसेक वर्षांच्या त्या खटाटोपाचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. पुढच्याच वर्षी एल्टन निवृत्त झाले आणि त्यांनी उभारलेली संस्थाही विद्यापीठाने बंद केली. संस्था गेली, नोंदी टिकल्या.

डेव्हिड लॅक यांची वाट वेगळी. १९४७ मध्ये त्यांनी रानात लाकडी पेट्या टांगल्या आणि त्यांत घरटी करणाऱ्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याची मोजदाद सुरू केली. आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा हा युरोपातला भाऊबंद. पूर्वी दोघांना एकाच जातीत धरत. पहिलं अंडं कोणत्या तारखेला, एकूण किती, पिल्लं किती जगली, पायात कड्या घातलेल्यांपैकी पुढच्या वर्षी कोण परतलं. दर वसंतात तेच प्रश्न, त्याच पेट्या. वीझल नावाचा मुंगसासारखा सडपातळ शिकारी लाकडी पेट्यांत शिरून पिल्लं फस्त करायचा, म्हणून सत्तरच्या दशकात पेट्या काँक्रीटमिश्रित करून घेतल्या. लॅक १९७३ मध्ये वारले. काम ख्रिस्तोफर पेरिन्स यांनी चालवलं, पुढे बेन शेल्डन यांनी. एवढा काळ अखंड चाललेला रानपक्ष्यांचा अभ्यास जगात क्वचितच आढळेल.

याच रानात जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल पाच ओक वृक्षांपाशी बसले होते. पाचच. विषय विंटर मॉथ हा पतंग. ऐन हिवाळ्याच्या तोंडाला याची मादी जमिनीतून बाहेर येते. तिला उडता येत नाही, म्हणून ती खोडावरून चालत वर चढते आणि शेंड्याकडे अंडी घालते. या दोघांनी खोडांना सापळे लावून चढणाऱ्या माद्या मोजल्या, खाली पडणाऱ्या अळ्या मोजल्या, आणि वर्षानुवर्षांचा जन्ममृत्यूचा ताळेबंद मांडला. कोणत्या वर्षी पतंग वाढणार आणि कोणत्या वर्षी घटणार, हे ठरवणारी सर्वांत मोठी घट दिसली ती हिवाळा आणि वसंताच्या सांध्यावर. ओकची कळी उघडायच्या आधी अळी अंड्यातून निघाली तर तिला खायला काही नाही. उशिरा निघाली तर पान जून आणि कडवट झालेलं. मधले थोडे दिवसच काय ते तिचे.

आणि टिटची पिल्लं वाढतात ती याच अळ्यांवर. म्हणजे कळी, अळी आणि पिल्लू या तिघांचं वेळापत्रक एकमेकांत गुंतलेलं. पन्नासच्या दशकात हवामानबदलाचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. टिट मोजणारे आणि पतंग मोजणारे आपापल्या प्रश्नांत होते. पण वसंत लवकर यायला लागला तेव्हा जुन्या वह्यांना एकदम मोल आलं. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की १९६१ पासूनच्या सत्तेचाळीस वर्षांत इथल्या टिट माद्या अंडी सुमारे १४ दिवस आधी घालू लागल्या आहेत, आणि अळ्यांच्या हंगामाशी त्यांनी बऱ्यापैकी मेळ राखला आहे. दिलासा वाटावा असा निष्कर्ष. पण २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासाने त्याला पुरवणी जोडली. सगळ्या पेट्यांमध्ये हा बदल सारखा नाही; घरट्याच्या ७५ मीटरच्या आतले ओक रोगट असतील, तर तिथल्या माद्या मागे पडतात. एकाच रानात, हाकेच्या अंतरावर, दोन वेगळे वसंत. रानाची सरासरी काढून थांबलं असतं तर हे दिसलं नसतं.

बाकीचे बदल थोडक्यात. पन्नासच्या दशकात रोगाने ससे मेले आणि मोकळ्या कुरणांवर झुडपं माजली. सत्तरच्या दशकात एल्म वृक्ष रोगाने गेले. हरणं इतकी वाढली की जमिनीलगतच्या काटेरी जाळ्या खाऊन साफ झाल्या. कुंपण घालून आणि संख्या कमी करून त्यांना आवरावं लागलं. आता ॲशची पाळी आहे. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये आढळलेली बुरशी इथेही पोचली, आणि ॲश इथला एक प्रमुख वृक्ष असल्याने पुढच्या दशकात हे रान आजच्यासारखं दिसणार नाही. एका गोष्टीचं मात्र मला हसू येतं. इतकी मोजदाद झालेल्या या रानातही झाडांचं वजन चुकीचं धरलं जात होतं. लेझरने झाडं मोजणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की इथल्या एका तुकड्यातल्या वृक्षांचं वस्तुमान आधीच्या अंदाजाच्या १.७७ पट आहे.

आपल्या देशातही असं काम आहे. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानझडी जंगलात रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९८८ पासून ५० हेक्टरांच्या तुकड्यातली झाडं पुन्हा पुन्हा मोजली आहेत. त्याच्या बातम्या होत नाहीत, कारण ‘यंदाही मोजलं’ ही बातमी नसते. अशा कामाला पैसा देणाऱ्याला तीन वर्षांत निकाल हवा असतो, आणि तीन वर्षांत वायटमनेही काही सांगितलं नसतं.

ऑक्सफर्डला जाणं झालं तर विद्यापीठाकडून चालण्याचा परवाना काढून हे रान जरूर बघा. कुत्रा आणि सायकल बाहेर ठेवावी लागते. जाणं होणार नसेल तरी हरकत नाही. भारतातल्या झाडांच्या ऋतुबदलाच्या नोंदी ठेवणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम सामान्य माणसांसाठीच आहे. घराजवळचा एक बहावा निवडा, आणि त्याची पानं, फुलं, शेंगा दर आठवड्याला लिहून ठेवा. पहिली काही वर्षं कंटाळवाणी जातील.