पणजीबाई, तुमचं नाव काय?

एक कोडं घालते. तुझी पणजी लहान असताना नांदेडच्या बाजारात गोळ्या-बिस्किटं घ्यायला जायची, तेव्हा तिच्या मुठीतल्या नाण्यावर कसलं चित्र असायचं?

अशोकस्तंभ? चूक! चारमिनार!

हो, हैदराबादचा चारमिनार! कारण नांदेड, लातूर आणि सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या, म्हणजे हैदराबादच्या राजाच्या, राज्यात होता. त्या राज्याचे पैसे वेगळे, त्यांना म्हणायचे हाली सिक्का. पोस्टाची तिकिटं वेगळी. रेल्वेसुद्धा निजामाचीच!

आता खरी गंमत ऐक. 15 ऑगस्ट 1947ला देशभर तिरंगा फडकला, लाडू वाटले गेले. आणि आपल्याकडे? काहीच नाही! निजाम म्हणाला, मी भारतात येणार नाही. लोक म्हणाले, आम्हाला तर यायचंय! झालं, लढा पेटला. स्वामी रामानंद तीर्थ त्याचे पुढारी. निजामाच्या बाजूला रझाकार नावाची हत्यारबंद संघटना होती. तिचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. पण हे भांडण हिंदू-मुसलमानांचं होतं असं कुणी सांगितलं, तर लगेच मान डोलावू नकोस हं. शोएबुल्ला खान नावाच्या मुसलमान संपादकानं रझाकारांविरुद्ध लिहिलं, म्हणून त्याला जीव गमवावा लागला.

मग गावातल्या बापयांनी काय केलं? कुणी तुरुंगात गेले. कुणी सरहद्दीपलीकडे गेले. नांदेडकडच्या लोकांना पैनगंगा नदी ओलांडली की झालं! पलीकडे उमरखेड. तिथे निजामाचं राज्य नाही. तिथल्या कॅम्पात राहायचं, रात्री इकडे यायचं, करोडगिरी नाक्यावर हल्ला करायचा आणि परत पलीकडे. (परराज्यातून आलेल्या मालावर जिथे कर घ्यायचे, ती चौकी म्हणजे करोडगिरी नाका.) नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला तर या लोकांनी जानेवारी 1948मध्ये चक्क निजामाची बँकच लुटली! लढ्यासाठी!

हे सगळं पुस्तकात सापडतं. पण मला सांग, हे लोक जेवत काय होते?

अगं बाई! हा प्रश्न कुणी विचारतच नाही!

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कसं होतं बघ. नाटकातल्या राजाला टाळ्या मिळतात. पण पडदा कुणी ओढला? कपड्यांना इस्त्री कुणी केली? डबे कुणी आणले? त्यांची नावं माइकवर येतच नाहीत.

तसंच झालं. अंधारात दारावर टकटक व्हायची. घरातली बाई उठायची, चूल पेटवायची, ज्वारीच्या भाकरी थापायची. धूर दिसला तर पंचाईत! शेजारी कुणी चहाडी केली तर आणखी पंचाईत! सकाळी हीच बाई डोक्यावर पाटी घेऊन निघायची. पाटीत काय? वर भाजी. आणि खाली? निरोपाची चिठ्ठी, छापलेली पत्रकं, कधीकधी तर हत्यारसुद्धा! घरचा पुरुष परागंदा, पण मृग निघाला की पेरणी थांबते का? मग तिफणीमागेही तीच. बाजारात धान्य नेणारीही तीच. कालपर्यंत जिला ‘बायकांनी मधे बोलू नये’ असं सांगायचे, तीच आता घराचा कारभार हाकत होती.

काही जणी तर थेट मैदानात उतरल्या! जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी कपडे घालायच्या आणि हत्यार चालवायच्या. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणायला लागले. प्रतिभाताई वैशंपायन, आशाताई वाघमारे, ताराबाई परांजपे ही नावंही मोठ्यांना विचारून बघ. विचारल्यावर कितीजण गप्प बसतात, तेही मोज!

13 सप्टेंबर 1948ला भारताचं सैन्य आत शिरलं. पाच दिवसांत खेळ खलास! 17 सप्टेंबरला निजामानं हार मानली. या कारवाईला म्हणतात ‘पोलीस अ‍ॅक्शन’. आले रणगाडे आणि नाव पोलिसांचं! मोठी माणसं कधीकधी फारच मजेशीर नावं ठेवतात.

तर मग भाकरी थापणारीचं पुढे काय झालं?

तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव तुरुंगाच्या वहीत लिहिलेलं असतं. नंतर तो ते दाखवू शकतो. पण रात्री दोन वाजता भाकरी दिली, त्याची पावती कोण देणार? लढा संपला, पुरुष परतले, आणि पुष्कळ जणी गुपचूप पुन्हा चुलीपाशी गेल्या. असं फक्त आपल्याकडे झालं असं समजू नकोस. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या लाखो बायका तोफगोळ्यांच्या कारखान्यांत राबल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बहुतेकींना सांगितलं, आता घरी जा! मला तर हे वाचताना रागच येतो.

पण थांब! एक गोष्ट मात्र मागे गेली नाही.

1951-52मध्ये देशाची पहिली मोठी निवडणूक झाली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत, बाई असो की बुवा! इंग्लंडमध्ये 1918ला बायकांना मत मिळालं खरं, पण तिशीच्या पुढच्यांनाच आणि तेही अटी घालून. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला त्यांना 1928पर्यंत थांबावं लागलं. आणि आपल्या कंधारच्या, औशाच्या, उदगीरच्या बाईला? एकदम! चार वर्षांपूर्वी जिथे राजाला निवडायचा प्रश्नच नव्हता, तिथे ती आता राज्यकर्ते निवडणार होती!

मत द्यायचं कसं, माहितेय? कागदावर शिक्काबिक्का काही नाही! प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चित्र. आवडेल त्या पेटीत कागद टाकायचा. वाचता न येणाऱ्या बाईलाही जमेल असं!

पण त्याआधी एक अडचण आली. मतदारांची यादी करणारा माणूस दारात यायचा आणि विचारायचा, ‘बाई, तुमचं नाव?’

आणि बाई सांगायची, ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’!

परक्या माणसाला आपलं नाव सांगायचं म्हणजे काय! लाज वाटायची. पण नाव नाही, तर मत नाही. अशा किती बायकांची नावं यादीतून गळली असतील? शंभर? हजार? नाही, देशभरात जवळजवळ 28 लाख! त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांतल्या होत्या.

लढ्यात नाव लपवणं हुशारीचं होतं. यादीत नाव सांगणं धिटाईचं होतं!

दरम्यान 1950मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. स्वामी रामानंद तीर्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. त्याआधी पदवीसाठी लांबचं शहर गाठावं लागायचं. एवढ्या लांब मुलीला कोण पाठवणार? आता कॉलेज गावातच! आणि कॉलेजच्या हजेरीपटावर ‘अमक्याची मुलगी’ चालत नाही हं. तिथे स्वतःचं नाव लागतं आणि हाक आली की मोठ्यानं ‘हजर!’ म्हणावं लागतं.