मारुती ८००

मारुती ८०० ही भारतातील मारुती उद्योग लिमिटेड या कंपनीने तयार केलेली लहान कौटुंबिक मोटारगाडी होय. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने हिचे उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले व जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तीस वर्षांच्या या कालावधीत सुमारे २८ लाख ७० हजार गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी सुमारे २६ लाख ६० हजार भारतात विकल्या गेल्या व उर्वरित निर्यात झाल्या. नावातील ८०० हा आकडा तिच्या ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनावरून आला आहे. तीस वर्षांत गाडीचा सांगाडा केवळ एकदाच पूर्णपणे बदलला. या स्थैर्यामुळेच ती दीर्घकाळ स्वस्त राहिली व अखेरीस कालबाह्यही ठरली.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर भारतात मोटारगाड्यांचे उत्पादन परवाना पद्धतीने नियंत्रित होते. कोणत्या कंपनीने किती गाड्या काढाव्यात, हे शासन ठरवीत असे. बाजारात मुख्यतः दोन गाड्या होत्या : पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने तयार केलेली अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली होती. या गाड्यांचे मूळ आराखडे १९५० च्या दशकातील ब्रिटिश व इटालियन गाड्यांचे होते. स्पर्धा नसल्याने त्यांत फारशी सुधारणा झाली नाही, आणि गाडीसाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागे. १९८० च्या दशकाच्या आरंभी देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन सुमारे ४० हजारांच्या घरात होते. मध्यमवर्गीय कुटुंबाचे वाहन स्कूटर हेच होते, आणि तिच्यासाठीही मोठी प्रतीक्षायादी असे.

सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान गाडी देशात तयार व्हावी, ही चर्चा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू होती. १९७१ मध्ये संजय गांधी यांच्या व्यवस्थापनाखाली मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. हरियाणातील गुडगाव येथे तिला सुमारे ३०० एकर जमीन मिळाली. परदेशी सहकार्याशिवाय संपूर्ण स्वदेशी गाडी तयार करण्याची ही योजना होती. मात्र विक्रीयोग्य गाडी कधीच तयार झाली नाही. पंतप्रधानांच्या पुत्राला परवाना व जमीन मिळाल्याबद्दल संसदेत व संसदेबाहेर तीव्र टीका झाली. १९७७ च्या सत्तांतरानंतर कंपनीच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा आयोग नेमण्यात आला. १९७८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कंपनी दिवाळखोरीत निघाली.

मारुती उद्योगाची स्थापना

जून १९८० मध्ये संजय गांधी यांचे विमान अपघातात निधन झाले. त्याच वर्षी शासनाने कायदा करून बंद पडलेली कंपनी ताब्यात घेतली व फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचे माजी प्रमुख व्ही. कृष्णमूर्ती यांच्याकडे तिची धुरा सोपविण्यात आली. भारतीय प्रशासकीय सेवेतील आर. सी. भार्गव हेही आरंभीपासून व्यवस्थापनात होते.

पूर्वीच्या अपयशातून नव्या कंपनीने एक निष्कर्ष काढला : तंत्रज्ञान बाहेरून घ्यावयाचे, मात्र उत्पादन टप्प्याटप्प्याने देशी करावयाचे. युरोप व जपानमधील अनेक कंपन्यांशी बोलणी झाली. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांमुळे कमी इंधनात चालणारी गाडी निवडणे क्रमप्राप्त होते. जपानमध्ये लहान इंजिनाच्या गाड्यांना करसवलत असल्याने सुझुकीला अशा गाड्यांचा दीर्घ अनुभव होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला व तिने कंपनीत २६ टक्के भांडवल घेतले. नाव मात्र मारुती हेच कायम राहिले. मारुती म्हणजे वायुपुत्र हनुमान. वेग व बळ या दोन्ही अर्थांनी हे नाव वाहनास साजेसे होते.

पहिली पिढी (१९८३–१९८६)

पहिली मारुती ८०० ही सुझुकीच्या एसएस ८० या गाडीवर आधारलेली होती. जपानमध्ये १९७९ पासून हीच गाडी आल्टो व फ्रॉन्टे या नावांनी, तेथील नियमांनुसार लहान इंजिनासह विकली जात असे. निर्यातीच्या गाडीला ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन होते व तेच भारतात आले.

१९८३ मध्ये आगाऊ नोंदणी सुरू झाली. प्रत्येक ग्राहकाकडून १० हजार रुपये घेतले जात होते, तरीही एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. वितरणाचा क्रम सोडतीने ठरविण्यात आला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लीतील एका ग्राहकाला दिल्या. हा ग्राहक इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीस होता. गाडीची आरंभीची किंमत ५० हजार रुपयांच्या आसपास होती.

भारतीय ग्राहकाला या गाडीची रचना नवी होती. अँबॅसडरमध्ये इंजिन पुढे असले तरी त्याची शक्ती लांब दांड्याद्वारे मागील चाकांकडे नेली जाई. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले होते व शक्ती थेट पुढील चाकांना मिळत असे. लांब दांडा व त्यासाठी लागणारा उंचवटा नाहीसा झाल्याने कमी लांबीतही चार प्रौढांना बसण्यापुरती जागा मिळाली. पाचवे दार मागील बाजूस वर उघडत असे. अँबॅसडरचे वजन एक टनाहून अधिक होते, तर मारुती ८०० चे सुमारे साडेसहाशे किलो. लहान इंजिनाने काम भागे व पेट्रोल कमी लागे, याचे मुख्य कारण हा हलकेपणा हेच होते.

दुसरी पिढी (१९८६–२०१४)

१९८६ मध्ये गाडीचा सांगाडा बदलण्यात आला. एसबी ३०८ या सांकेतिक नावाने ओळखला जाणारा हा आराखडा सुझुकीच्या पुढील पिढीच्या आल्टोवर आधारलेला होता. गाडीची लांबी ३,३३५ मिलिमीटर, रुंदी १,४४० मिलिमीटर व दोन्ही आसांमधील अंतर २,१७५ मिलिमीटर होते. पहिल्या पिढीच्या चौकोनी आकाराऐवजी हिच्या कडा काहीशा गोलाकार होत्या, व आत जागाही थोडी वाढली होती. इंजिनाची क्षमता तीच राहिली. कार्ब्युरेटर असलेले हे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती निर्माण करी व त्याला चार गिअर होते.

यानंतर २८ वर्षे हाच सांगाडा कायम राहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात समोरचा भाग, बंपर व अंतर्भाग यांत बदल झाले, ते वरवरचे होते. आराखड्याचा व यंत्रसामग्रीचा खर्च आरंभीच्या वर्षांत भरून निघाल्याने गाडीची किंमत कमी ठेवणे शक्य झाले. एकाच प्रकारचे सुटे भाग दीर्घकाळ मिळत राहिल्याने लहान गावांतील कारागीरही ही गाडी दुरुस्त करू लागले. जुन्या गाडीला चांगली किंमत मिळण्याचेही हे एक कारण होते.

इंजिन व प्रदूषणाचे नियम

सांगाडा तोच राहिला, तरी इंजिन मात्र बदलावे लागले. या बदलांमागे प्रामुख्याने प्रदूषण नियंत्रणाचे नियम होते. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविणे बंधनकारक झाले. हे उपकरण धुरातील विषारी वायूंचे कमी हानिकारक वायूंत रूपांतर करते. पेट्रोलमधील शिशामुळे ते निकामी होत असल्याने त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करण्यात आले.

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय धर्तीचे नियम ठरावीक मुदतीत लागू करण्याचा आदेश दिला. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल आत खेचले जाते. त्यामुळे हवा व इंधन यांचे प्रमाण प्रत्येक वेळी अचूक राखता येत नाही. नव्या नियमांसाठी अधिक अचूकता आवश्यक होती. म्हणून २००० च्या सुमारास मारुती ८०० मध्ये एमपीएफआय ही प्रणाली आली. हिच्यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र फवारा असतो व संगणकीय नियंत्रकाद्वारे इंधनाचे प्रमाण ठरते. याच काळात प्रत्येक सिलिंडरला चार झडपा व पाच गिअर असलेली, सुमारे ४५ अश्वशक्तीची आवृत्तीही काही वर्षे उपलब्ध होती. २००८ मध्ये पेट्रोल व एलपीजी या दोन्ही इंधनांवर चालणारी आवृत्ती आली.

सुटे भाग व पूरक उद्योग

आरंभीच्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून येत व गुडगावला त्यांची जोडणी होई. १९८५ नंतर जपानी येनचे मूल्य झपाट्याने वाढल्याने आयात महाग झाली, आणि देशी उत्पादनाची निकड वाढली. त्यावेळच्या भारतीय पुरवठादारांपैकी अनेकांकडे आवश्यक तंत्र नव्हते. कंपनीने काही पुरवठादार उद्योगांत स्वतः भांडवल गुंतविले व त्यांची जपानी कंपन्यांशी सांगड घालून दिली. आसने तयार करणारी भारत सीट्स, पत्र्याचे भाग करणारी जय भारत मारुती, काच बनविणारी असाही इंडिया व स्टिअरिंग तयार करणारी सोना स्टिअरिंग ही अशा उद्योगांची उदाहरणे होत. पुढे देशात आलेल्या अन्य मोटार कंपन्यांनाही या पूरक उद्योगांचा लाभ झाला.

कारखान्यातील कार्यपद्धतीही जपानी धर्तीची होती. अधिकारी व कामगार यांना एकच गणवेश व एकच उपाहारगृह होते. तत्कालीन सार्वजनिक क्षेत्रात ही गोष्ट अपवादात्मक होती.

निर्यात व सहोदर गाड्या

१९८७ मध्ये ५०० गाड्यांची पहिली मोठी खेप हंगेरीला पाठविण्यात आली. नंतर युरोपातील अन्य देशांत व शेजारी देशांतही निर्यात झाली. एसबी ३०८ हाच सांगाडा असलेली गाडी पाकिस्तानात सुझुकी मेहरान या नावाने १९८९ पासून २०१९ पर्यंत तयार होत होती. म्हणजे भारतात उत्पादन थांबल्यानंतरही पाच वर्षे तो आराखडा तेथे चालू राहिला. चीनमध्येही या पिढीच्या आल्टोचे उत्पादन झाले.

स्पर्धा व उतार

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर व १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर परदेशी कंपन्या भारतात आल्या. मारुतीनेच १९९३ मध्ये झेन ही अधिक आधुनिक लहान गाडी आणली. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ व टाटा मोटर्सची पुण्यात तयार होणारी इंडिका या गाड्या बाजारात आल्या, आणि मारुती ८०० ची किंमत कमी करावी लागली. २००० मध्ये भारतात आलेल्या मारुती आल्टोने २००४ च्या सुमारास विक्रीत तिला मागे टाकले. अशा रीतीने तिचे अग्रस्थान तिच्याच कंपनीच्या गाडीकडे गेले.

कंपनीच्या मालकीतही याच काळात बदल झाला. सुझुकीचा वाटा १९८७ मध्ये ४० टक्के, १९९२ मध्ये ५० टक्के झाला व २००२ मध्ये नियंत्रण तिच्याकडे गेले. २००७ मध्ये शासनाने उरलेले भाग विकले व कंपनीचे नाव मारुती सुझुकी इंडिया लिमिटेड असे झाले.

उत्पादनाची अखेर

एप्रिल २०१० मध्ये देशातील १३ शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषणविषयक नियम लागू झाले. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे त्यांत होती. जुन्या इंजिनात पुन्हा सुधारणा करण्याचा खर्च विक्रीच्या मानाने परवडणारा नसल्याने कंपनीने या शहरांतील विक्री थांबविली. लहान गावांत विक्री चालू राहिली, तरी हे नियम देशभर लागू होणार हे स्पष्ट होते. सुरक्षिततेच्या अपेक्षाही बदलल्या होत्या. १९८० च्या दशकातील या हलक्या सांगाड्याची रचना एअरबॅगसारख्या साधनांचा विचार करून झालेली नव्हती. १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबले. तत्पूर्वी २०१२ मध्ये नव्या आल्टोला आल्टो ८०० असे नाव देऊन कंपनीने ८०० हा आकडा पुढे चालविला होता.

महत्त्व

वरिष्ठ अधिकारी, उद्योजक व श्रीमंत यांच्यापुरती मर्यादित असलेली मोटारगाडी नोकरदार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय बव्हंशी मारुती ८०० ला दिले जाते. अनेक कुटुंबांची ती पहिली गाडी ठरली. वाहन चालविण्याच्या प्रशिक्षणशाळांतही ती सर्रास वापरली जाई. मात्र खासगी मोटारींच्या वाढीबरोबर शहरांतील गर्दी, वाहनतळांचा तुटवडा व हवेचे प्रदूषण हे प्रश्नही वाढले. ज्या नियमांमुळे या गाडीचे उत्पादन थांबले, ते याच प्रश्नांमुळे करावे लागले होते. स्वदेशीचा आग्रह, परकीय तंत्रज्ञान, शासकीय भांडवल व खासगीकरण हे भारतीय औद्योगिक धोरणाचे चारही टप्पे या एकाच गाडीच्या इतिहासात दिसत असल्याने मोटार उद्योगाबरोबरच आर्थिक इतिहासाच्या अभ्यासातही तिचा उल्लेख केला जातो.