दारातला निवडुंग : काटे पाहा, मग ठरवा

मोताळ्यात आमच्या शेजारच्या मावशींच्या ओट्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यात खांबासारखा निवडुंग वाढला आहे. परवा त्या म्हणाल्या, "भाऊ, दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं लागतात म्हणे. उपटून टाकू का?"

भांडणाचे कारण झाडात नसते, बहुधा महिनाअखेरीत असते! पण घरात रांगते नातवंड होते. म्हणून झाड नेमके कोणते, हे पाहणे जरूर होते.

आपण निवडुंग म्हणतो त्यात दोन निराळी कुळे आहेत. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग इथलाच, एरंडाच्या कुळातला. त्याचे काटे जोडीने येतात. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. तो कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकते.

मावशींचा मात्र सेरियस निघाला. हा खरा कॅक्टस, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या धारांवर लवेच्या बारीक गाद्या असतात आणि एकेका गादीतून काट्यांचा झुपका निघतो. कॅक्टसची ही पक्की खूण. याला पांढरा चीक नसतो. काटे म्हणजे रूप बदललेली पाने. पानांचे काम हिरवे खोड करते. पाणी मिळाले की खोड फुगते, उन्हाळ्यात आकसते. इतर झाडे दिवसा हवा घेतात, हा रात्री छिद्रे उघडतो, म्हणजे उन्हात ओल उडत नाही. फुलेही पांढरी, मोठी, रात्री उमलणारी. याच घडणीचा ॲरिझोनातील सग्वारो 12 मीटरहून उंच जातो, 150 वर्षे जगतो. त्याला पहिली फांदी फुटायलाच बहुधा 50 वर्षांहून अधिक काळ लागतो.

रात्री उमलले म्हणून ज्याची आरती होते, ते घरोघरचे 'ब्रह्मकमळ'सुद्धा अमेरिका खंडातून आलेला कॅक्टसच आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे, ते सूर्यफुलाच्या कुळातले.

ओळखण्यासाठी फांदी मोडून पाहू नये, काटेच पाहावेत. कुंपण छाटताना मुलांना दूर ठेवावे. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नये, दूध किंवा घरगुती औषध घालू नये. स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

मावशींचा डबा आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात नेला आणि भोवती विटा रचल्या. काटे तर काटेच, बाळाच्या हाताला लागायचे.