ठेच आधी, कळ मागाहून

अंधारात उंबऱ्याला ठेच लागली की ‘लागलं’ हे आधी कळतं, कळ मागाहून येते. मधला तो क्षण म्हणजे मनाचा खेळ नव्हे, तो चक्क मोजता येतो. स्पर्शाची खबर जाड चेतातंतू नेतात. त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण असल्यामुळे संदेश सेकंदाला ३० ते ७० मीटर धावतो. पहिली चमक नेणारे तंतू बारीक आणि संथ. नंतरची ठसठस मात्र बिनवेष्टणाच्या ‘सी’ तंतूंतून येते, सेकंदाला जेमतेम मीटरभर. अंगठ्यापासून कण्यापर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच, म्हणजे सेकंदभराचा उशीर ठरलेलाच. तंतूची जाडी आणि वेग यांचं हे नातं उलगडणाऱ्या अर्लँगर आणि गॅसर यांना १९४४चं नोबेल मिळालं.

कातडीतल्या टोकांशी नेमकं काय घडतं, हे कळायला त्यानंतर अर्धं शतक गेलं, आणि तेही मिरचीमुळे. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७मध्ये मिरचीतल्या कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारं प्रथिन शोधलं. तेच प्रथिन ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. ठेचा खाऊन तोंडाची ‘आग’ झाली म्हणतो, तेव्हा आपण अगदी शास्त्रशुद्ध बोलत असतो! दाबाने उघडणारी पिएझो प्रथिनं आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने २०१०मध्ये शोधली. दोघांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

मज्जारज्जूत शिरल्यावर वाटा फुटतात. सूक्ष्म स्पर्शाचा संदेश त्याच बाजूने थेट लंबमज्जेपर्यंत चढतो आणि तिथे पलीकडे जातो. वेदना आणि तापमान यांचा संदेश मज्जारज्जूतच बाजू बदलतो. म्हणून मज्जारज्जू अर्धाच कापला गेला, तर जखमेच्या बाजूच्या पायाचा सूक्ष्म स्पर्श जातो आणि दुसऱ्या पायाची वेदना. एकोणिसाव्या शतकात ब्राउन-सेकार यांनी दाखवलेला हा प्रकार परीक्षेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा आजही घाम काढतो.

शिवाय वेदनेची प्रत्येक खबर वर पोचतेच असं नाही. ठेचाळलेला अंगठा आपण न शिकवता चोळतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये याचं स्पष्टीकरण मांडलं : मज्जारज्जूत एक फाटक आहे, जाड तंतूंचा स्पर्श ते लोटून घेतो, मेंदूही वरून त्यावर हुकूम चालवतो. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण फाटकाची कल्पना टिकली. माझ्या मते वेदनेविषयीचा विसाव्या शतकातला सर्वांत मोलाचा विचार हाच.

वेदना गेली तर माणूस सुखी होईल, असं वाटत असेल तर कुष्ठरोग्याचा हात बघावा. जंतू कातडीजवळच्या, थंड भागातल्या चेतांवर बसतो. कोपरामागची चेता दोरीसारखी जाड हाताला लागते. बहुधा आधी ऊन-गार कळेनासं होतं. मग चुलीवरचं भांडं उचलताना बोटं भाजतात आणि माणूस शांतपणे बोलत राहतो. बोटं रोगाने आपोआप ‘झडत’ नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी आग्रहाने मांडलं. तपासणीला आलेला कर्मचारी रुग्णाला डोळे मिटायला लावतो, पेनचं टोक हलकेच टेकवतो आणि ‘कुठं लागलं ते बोटानं दाखवा’ म्हणतो. नायलॉनच्या तारेनेही हे पाहतात. मधुमेहींच्या तळपायांनाही आता अशीच तार लावतात, १० ग्रॅमच्या दाबाने वाकणारी. ती कळली नाही, तर अनवाणी फिरणं बंद आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासायचे.