आवाजामागचा कारभार

आकाशवाणीत अथवा दूरदर्शनवर तीस-पस्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त होणाऱ्या उद्घोषकाचा गावात जो सत्कार होतो, त्याचा विधी आता ठरून गेला आहे. वाचनालयाचे सभागृह भरते, शाल-श्रीफळ दिले जाते, मानपत्राचे वाचन होते, आणि बोलायला उठणारा प्रत्येक वक्ता त्या व्यक्तीच्या आवाजाची वाखाणणी करून खाली बसतो. आवाज मधुर होता, घरच्या माणसासारखा वाटे, तो कानी पडल्यावाचून आमचा दिवस उजाडत नसे, हे सर्व खरे असते आणि मनापासून म्हटलेले असते; तथापि ज्या कामात त्या माणसाचे उभे आयुष्य गेले, त्या कामाचा उल्लेख संबंध समारंभात एकदाही होऊ नये, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. आवाज ही निसर्गाची देणगी. ती लाभली म्हणून कौतुक जरूर करावे, परंतु आदर करावयाचा तो तिच्या विनियोगाचा, आणि हा विनियोग श्रोत्याच्या नजरेस पडावा अशी सोय मुळात त्या व्यवसायातच नाही.

म्हणून दक्षिण महाराष्ट्रातील एका आकाशवाणी केंद्रावरच्या ज्येष्ठ उद्घोषिकेच्या निवृत्तीनिमित्त मानपत्राचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा लेखणी हाती घेण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसून एक सभा आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याची परवानगी मी केंद्राच्या कचेरीकडून मागून घेतली. दिवसभराच्या प्रसारणाचे जे तीन भाग पडतात त्यांना तेथे सभा म्हणतात. केंद्रावर या उद्घोषिकेला फाटकावरील पहारेकऱ्यापासून वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत सारेजण ताई म्हणतात. येथे मीही तेच संबोधन चालवतो.

पहिली सभा सूर्योदयापूर्वी सुरू होते आणि तिच्या उद्घोषकाचा दिवस त्याच्याही बराच आधी. ड्यूटी रूममध्ये पाऊल टाकताच ताईंनी प्रथम भिंतीवरील घड्याळ आणि मनगटावरील घड्याळ ताडून पाहिले, मग हजेरीची सही केली, आणि आदल्या रात्री तयार करून ठेवलेली क्यू शीट पुढ्यात ओढली. सभेतील प्रत्येक कार्यक्रम किती वाजून किती मिनिटांनी सुरू व्हावयाचा, तो ध्वनिमुद्रित की सजीव की अन्य केंद्रावरून सहक्षेपित, त्याची लांबी किती, हे सारे त्या कागदावर मुक्रर केलेले असते. तो कागद त्यांनी पेन्सिल हाती धरून, ओठ हलवीत, एखादी बखर वाचावी तशा सावकाशीने वाचला. जेथे जेथे दोन कार्यक्रमांच्या मध्ये काही सेकंदांची फट दिसली तेथे तेथे समासात खूण झाली. ‘कार्यक्रम सगळे तयारच असतात, आपली नोकरी या फटींची,’ असे त्या म्हणाल्या, आणि सभा संपेपर्यंत मला या वाक्याचा अर्थ उलगडत गेला.

स्टुडिओला एकामागून एक असे दोन जड दरवाजे आहेत. पहिला पुरता लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हा तेथील शिरस्ता. आत शिरल्यावर कानांवर किंचित दडपण आल्यासारखे होते, कारण भिंती आणि छत छिद्रांच्या फळ्यांनी आच्छादलेले असल्यामुळे आपल्या आवाजाचा जो पडसाद आपण जन्मभर न कळत ऐकत असतो, तो तेथे ऐकू येईनासा होतो. पुढे मेज, मेजावर सरकते फेडर बसवलेला कन्सोल, दोन संगणकांचे पडदे, ध्वनिक्षेपक, समोर मोठ्या सेकंदकाट्याचे घड्याळ, आणि काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये तैनात असलेला अभियंता. ताईंनी खुर्ची पुढे घेतली, बांगड्या काढून रुमालात गुंडाळल्या, कागद पिनेतून सोडवून सुटे केले, कारण पान उलटण्याचा आवाजही ध्वनिक्षेपक टिपतो. म्हणून येथे पान उलटायचे नसते, उचलून अलगद बाजूला ठेवायचे असते.

मग संकेतधून वाजली. मुंबई केंद्रात पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी १९३०च्या दशकात ती रचली असे मानले जाते, आणि तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची ती आर्त आळवणी माझ्या वयाच्या लोकांच्या तर रक्तातच उतरली आहे. तिच्यामागून ‘वंदे मातरम्’, आणि मग तांबडा दिवा लागला व ताईंचे पहिले वाक्य गेले. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून रेडिओवर असंख्य वेळा ऐकले होते. परंतु ते बोलताना त्यांचा डावा हात फेडरवर, उजव्या हाताचे बोट कागदावरील ओळीखाली आणि दृष्टी सेकंदकाट्यावर असते, आणि चेहऱ्यावर समोर कोणी बसले असावे असे खरेखुरे स्मित असते, हे मला त्या पहाटे प्रथमच कळले. स्मित कशासाठी, असे मी नंतर विचारले. ओठ ताणले की स्वर बदलतो आणि ऐकणाऱ्याला तो बदल कळतो, इतकेच त्यांनी सांगितले.

सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांचे सहक्षेपण असते. या क्षणाच्या आधीची चार-पाच मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. एक भक्तिगीत चालू होते, आणि ते नियोजित लांबीहून मोठे भरणार असे ताईंच्या ध्यानात आले. गाणे मध्येच तोडणे त्यांना मान्य नाही. अंतऱ्याच्या मध्यावर सूर कापणे हा गायकाचा आणि श्रोत्याचाही अपमान, असे त्या मानतात. बातम्यांना तर एका सेकंदाचाही उशीर चालत नाही, कारण पुण्याचा निवेदक कोणासाठी थांबत नसतो. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहत उलटी गणती मांडली, कागदावरील तीन वाक्यांच्या निवेदनातली दोन वाक्ये पेन्सिलीने छाटली, ध्रुवपदाची शेवटची आवृत्ती येताच फेडर इतक्या हळुवारपणे खाली घेतला की गाणे आपण होऊन संपले असे वाटावे, उरलेले एक वाक्य कोणतीही घाई न करता उच्चारले, आणि काचेपलीकडे मान हलवली. अभियंत्याने पुण्याची वाहिनी जोडली आणि बातम्यांचा पहिला शब्द पूर्ण, अखंड, जसाच्या तसा बाहेर पडला. श्रोत्यांच्या दृष्टीने काहीही घडले नव्हते. काहीही घडू नये यासाठी ज्या माणसाने इतका विचार केला, त्याच्या कौशल्याची वाहवा करावयास त्या खोलीत माझ्यावाचून कोणी नव्हते.

उलट, चूक झाली असती तर तिची नोंद झाली असती. उद्घोषकाने लॉगबुकात प्रत्येक कार्यक्रमाची प्रत्यक्ष वेळ लिहावयाची असते, आणि प्रसारणात काही सेकंदांची शांतता पडली तरी ती कारणासह नमूद करावी लागते. ड्यूटी ऑफिसरचा अहवाल दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत वाचला जातो. सुरळीत पार पडलेल्या सभेविषयी त्या अहवालात सांगण्यासारखे काही नसते. अशा मजकूरशून्य अहवालांची तीन दशके म्हणजे ताईंची कारकीर्द, आणि मानपत्रात नेमके हेच लिहावयास हवे अशी माझी खात्री झाली.

पूर्वीच्या काळी हे काम हातांचे होते. पाव इंच रुंदीची फीत, तिची मोठी स्पुले, संपादनाच्या पट्टीवर तिरका छेद देणारे पाते आणि सांधा जुळवणारी चिकटपट्टी, हे ताईंच्या उमेदवारीच्या दिवसांतील साहित्य. वक्त्याचा खोकला काढायचा तर फीत हाताने मागेपुढे फिरवून खोकल्याचा आरंभ कानाने नेमका पकडावा लागे. फिती महाग असल्यामुळे काम झाले की पुष्कळशा पुसून पुन्हा वापरल्या जात.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक जाड वही आहे. ‘आपली आवड’ या श्रोत्यांच्या पसंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी येणाऱ्या पत्रांतून, आणि आता मोबाइलवरील संदेशांतून, ज्या गावांची नावे आणि जी आडनावे वाचावी लागतात, त्यांच्या उच्चारांची ती वही. आपल्या लिपीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरात कोंबलेले आहेत. चंद्रातला च आणि चांदण्यातला च, जगातला ज आणि जगण्यातला ज एकसारखा लिहिला जातो पण बोलला जात नाही, आणि गावाच्या नावाबाबत तर व्याकरणही मदतीला येत नाही, तेथील माणसालाच विचारावे लागते. ताईंनी तसे विचारले. एसटीच्या वाहकांना, तलाठ्यांना, शाळेच्या शिपायांना, मुलाखतीसाठी आलेल्या शेतकऱ्यांना विचारून, प्रत्येक नावापुढे खूण करून, त्यांनी ही वही वर्षानुवर्षे वाढवली. वाडी-वस्तीवरच्या ज्या घरातून पत्र आले ते घर त्या संध्याकाळी रेडिओभोवती बसलेले असते. त्या घराचे नाव चुकीचे उच्चारले तर इतकी वर्षे जोडलेला जिव्हाळा एका अक्षरात विटतो, असे त्यांचे म्हणणे. भाषेच्या सेवेविषयी पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत. परंतु या वहीइतकी निरपेक्ष सेवा मी क्वचितच पाहिली.

ताई ज्या परंपरेतल्या आहेत ती परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले. पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि बरोबर एकोणीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईला दूरदर्शन आले. पुण्यात ‘बालोद्यान’ चालवणारे गोपीनाथ तळवलकर मुलांचे ‘नाना’ झाले. ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी तीस वर्षांच्या आसपास नोकरी केली. सुधा नरवणे यांच्या स्वच्छ, संयत स्वरात प्रादेशिक बातम्या ऐकत पिढ्या वाढल्या. मुंबईत बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांनी केवळ आवाजावर श्रुतिकांतले संसार उभे केले. दूरदर्शनवर १९७४ पासून बातम्या वाचणारे प्रदीप भिडे आपल्यातून २०२२ मध्ये गेले. समोर शब्द सरकवणारे यंत्र नव्हते अशा दिवसांत कागदावरून नजर उचलून प्रेक्षकाकडे पाहायचे आणि पुन्हा नेमक्या त्याच शब्दावर उतरायचे, ही त्या पिढीच्या वृत्तनिवेदकांची विद्या होती. ही नावे निदान आठवतात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांवर ज्यांनी याच निष्ठेने पहाटा सांभाळल्या त्यांची नावे त्या जिल्ह्याच्या सीमेबाहेर कोणाला ठाऊक नाहीत.

याचे एक कारण दप्तराच्या रचनेतच आहे. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ झाले, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती छप्पन गीते आज घरोघरी आहेत. परंतु त्या त्या दिवशी ठरल्या मिनिटाला ते गीत वाटेला लावणारा, त्याच्या आधी आणि नंतर दोन शब्द बोलून वातावरण सांभाळणारा उद्घोषक कोण, हे सांगणारा श्रोता मला अद्याप भेटलेला नाही. गाणी, नाटके, मुलाखती ध्वनिमुद्रित होतात म्हणून जतन होतात. निवेदन सजीव असते, ते बोलल्या क्षणीच विरून जाते. ताईंच्या हजारो सभांपैकी एकही सभा सलग स्वरूपात केंद्राच्या संग्रहात नाही.

म्हणून मानपत्र केंद्राच्या हवाली करताना मी त्याबरोबर एक अर्जही जोडला. उद्घोषक निवृत्त होण्यापूर्वी त्याची एक संपूर्ण सभा, संकेतधुनीपासून समाप्तीच्या निवेदनापर्यंत, जशी प्रसारित झाली तशी मुद्रित करून, त्या दिवसाच्या क्यू शीटची आणि लॉगबुकाच्या पानाची नक्कल सोबत ठेवून, कायमच्या संग्रहात दाखल करावी. आणि उच्चारांची ती वही ड्यूटी रूमच्या मालमत्तेत नोंदवून नव्या नैमित्तिक उद्घोषकांच्या हाती द्यावी, अशी तजवीज मी सुचवली आहे. कार्यक्रम विभागाने अर्ज ठेवून घेतला, आणि कोणती सभा मुद्रित करावी हे ताईंनाच विचारले. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीची पहाट किंवा आषाढी एकादशीचा दिवस त्या सांगतील असा सगळ्यांचा अंदाज होता. ताईंनी कॅलेंडर उतरवून मधल्या आठवड्यातला एक साधा मंगळवार दाखवला, दुपारची सभा. त्या सभेत बाजारभाव असतात, हवामान असते, दोन ठिकाणचे सहक्षेपण असते, आणि गाणी सर्वांत कमी असल्यामुळे फटी सर्वांत जास्त असतात.